लोखंडाचं कपाळ

टण्ण.

कोठीचं झाकण वाजलं. ऑक्टोबरच्या उन्हात पत्रा तापला की ते असं एकदाच वाजतं आणि मग तासभर गप्प बसतं. मी श्वास धरून कान पलीकडच्या खोलीकडे लावला. माझी लेक, आचल, कूस बदलते का? नाही. पंख्याची घरघर तेवढी. सासूबाईंचंही घोरणं सुरळीत चालू होतं. मग हळूच डोळे परत डायलवर आणले.

काटा जागचा हलला नव्हता. म्हणजे एवढ्या आवाजाला तो दाद देत नाही, आणि मी टेबलाचं चाक नुसतं फिरवलं की मात्र चालायला लागतो. या टोकाकडून त्या टोकाकडे, हळूहळू, चढण लागलेल्या माणसासारखा.

दसऱ्याआधी हाच काटा झोपला होता.

डायल दिसतं घड्याळासारखं, पण वेळ सांगत नाही. त्याची बारीक दांडी लोखंडावर टेकवायची आणि लोखंड सरकवायचं. लोखंड सपाट असेल तर काटा स्थिर राहतो. कुठे केसाच्या जाडीहून कमी उंचवटा असला, तरी तो लगेच चुगली करतो. आता तो वाइसबद्दल चुगली करत होता. वाइस म्हणजे काम घट्ट धरून ठेवणारी लोखंडी पकड. मिलिंग मशीनच्या टेबलावर ती बोल्टांनी आवळलेली असते. तिच्या दोन जबड्यांमधली जमीन एका बाजूनं चढली होती, आणि का चढली ते मला कळत नव्हतं. दिवाळीपर्यंत ते कळलं नाही, तर मशीन भंगारात जाणार होती.

मशीन मुळात सूर्यभान सरांची. अकोल्याला पॉलिटेक्निकमध्ये ते आम्हाला वर्कशॉप शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरामागच्या पडवीत ही छोटी मिलिंग मशीन मांडली. निव्वळ शौक. पितळेची मुठीएवढी इंजिनं बनवायचे, त्यांत वाफ भरायचे आणि ती फिरताना बघत बसायचे. आता मुलाकडे नाशिकला कायमचं जायचं ठरलं, तेव्हा त्यांचा फोन आला.

"आरती, हिले भंगारात द्यायले हात होऊन नाही राहिला. तू घेऊन जाय."

"सर, मी आता काम नाही करत."

"म्हनूनच म्हनतो."

अकोल्याच्या एमआयडीसीत एका टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि अवजारं बनवणाऱ्या कारखान्यात, मी काम करत होते. लग्नानंतरही बडनेऱ्याहून सकाळच्या गाडीनं जायचे, संध्याकाळी परत. आचलच्या वेळेस पाय सुजायला लागले तेव्हा सोडलं, आणि मग ते सुटलंच. सरांचा फोन ठेवल्यावर बराच वेळ माझ्या नाकात कटिंग ऑइलचा वास येत राहिला. घरात तर कांदा भाजत होता.

ललित, माझा नवरा, रेल्वेत आहे, बडनेऱ्याला. त्यानं एका पिकअपवाल्याला गाठलं आणि मशीन तीन तुकड्यांत अमरावतीला, आमच्या घरी आली: खालची बैठक, मधलं टेबल, वरचा खांब. त्यावर गोणपाट टाकलं होतं. शेजारच्या काकूंनी विचारलं, "नवा कूलर का वं?" ललित म्हणाला, "हो काकू, पण हा लोखंड थंड करते."

सासूबाई दारात उभ्या होत्या, कमरेवर हात ठेवून.

"हे काय करते म्हनता?"

"आई, किसणी असते ना? इथं किसणी गोल फिरते, आणि बटाटा तिच्याखालून सरकतो. बटाट्याच्या जागी लोखंड."

"मंग बटाटेच काहून नाही किसत? फराळाले चिवडा तरी होईन."

पण त्यांनी नाही म्हटलं नाही. कोठ्यांची खोली दिली. त्या खोलीत गव्हाच्या, तुरीच्या कोठ्या एका भिंतीला, आणि दुसऱ्या भिंतीला कडप्प्याचा एक मजबूत ओटा. मामाजी असताना त्यावर पाण्याचे माठ असायचे. मामाजी म्हणजे माझे सासरे. आचल व्हायच्या आधीच ते गेले. मी तिला त्यांचा फोटोच दाखवते.

खोली देताना सासूबाईंनी एक मात्र सांगून ठेवलं.

"दिवाळी झाली की चांदूर रेल्वे गावावरून पिंकी येते, क्लासले. माह्या बहिनीची नात. तिले खोली लागन. तवर तुह्या मशीननं घरातलं एखादं तरी काम करून दाखोलं, तं पाहू. नाही तं मंग लोखंड लोखंडाच्या जागी."

"कोणतं काम?"

त्यांनी मला हाताला धरून त्यांच्या शिलाई मशीनकडे नेलं. जुनी, पायाची, काळी, सोनेरी वेलबुट्टी निम्मी पुसलेली. गल्लीतल्या अर्ध्या बायकांचे ब्लाउज त्यावर झाले. सुईच्या शेजारी, बॉबिनच्या वर, एक छोटी चकचकीत पट्टी असते. दोन खाचांतून सरकते. ती उघडली की बॉबिन काढता येते, लावली की कापड सपाट जातं. ती पट्टी हरवली होती. त्या जागी आगपेटीचा पुठ्ठा चिकटपट्टीनं लावलेला.

"जवाहर गेटकडच्या दुकानदारानं सांगितलं, ह्या मशीनची पट्टी आता येतच नाही. म्हने आजी, मशीनच नवी घ्या. मी म्हन्लं, तुही आजी पन नवी घेशीन काय?"

पुठ्ठ्याच्या कडेत रेशमी कापड अडकायचं, सूत निघायचं. सासूबाईंनी साधी कामंच घेणं सुरू केलं होतं: परकर, उशीचे अभ्रे. चांगल्या ब्लाउजची बाई आली की म्हणायच्या, "डोये काम नाही देत आता." डोळे चांगले होते.

मी खाच पाहिली, नख फिरवून बघितलं. बोटभर लांबीची पोलादी पट्टी, दोन्ही कडा एकमेकींना बरोबर समांतर. बस. टूलरूममध्ये असं काम नव्या पोराला पहिल्या आठवड्यात देतात.

"होते आई."

"पाहू," त्या म्हणाल्या.

मशीन मांडण्याचे ते दिवस माझ्या आयुष्यातले फार सुखाचे होते, हे मी कुणाला सांगितलं तर हसतील. आचल दुपारी झोपायची तेवढाच वेळ. सरांनी वर्षानुवर्षं लावलेलं जुनं ग्रीस मी डिझेलनं आणि टूथब्रशनं काढलं. खालून मशीनचा खरा रंग निघाला, कच्च्या कैरीचा. ओट्यावर रबराच्या चकत्या ठेवल्या. लेव्हलच्या काचेतला बुडबुडा मध्यावर यावा म्हणून चकत्यांखाली पत्र्याचे पातळ तुकडे सरकवत बसले. बुडबुडा आला मध्यावर की आचलला दाखवायचे. ती विचारायची, "आई, यात हवा कोणी भरली?" मग आम्ही दोघी त्या हवेकडे बघायचो.

मग सामान. तशी मशीन म्हणजे नुसतं शरीर, तिला हातपाय लावावे लागतात. आचलच्या अभ्यासाच्या टेबलाचा वाकणारा दिवा खांबाला बांधला. कीस उडून डोळ्यात जाऊ नये म्हणून फुटक्या डब्याच्या पारदर्शक झाकणाचं संरक्षण केलं. पडलेला कीस गोळा करायला खाली बेकरीचा जुना ट्रे. कटर धरणाऱ्या कॉलेटना कुठे ठेवू, हा प्रश्न होता. एकेक वेगळ्या मापाचं, एकमेकांवर आपटलेलं त्यांना चालत नाही. शेवटी मसाल्याचा जुना डबा घेतला. सात वाट्या, प्रत्येक वाटीत एक कॉलेट. मोहरीच्या जागी सगळ्यात लहान.

सासूबाईंनी झाकण उघडून पाहिलं. "जिऱ्याच्या वाटीत काय हाय?"

"सहाचं कॉलेट."

"फोडनी जोरदार बसन."

सगळं झाल्यावर वाइस बसवली. तिचा तळ पुसला, टेबल पुसलं, तळहात फिरवून पाहिला, कारण टूलरूममध्ये आम्हाला शिकवलं होतं की फडकं चुकतं, तळहात चुकत नाही. मग डायल लावून काटा फिरवला. या टोकाकडून त्या टोकाकडे. काटा झोपलेला. मी चाक फिरवत राहिले, उगाच, सुखानं.

पोलादाची पट्टी मात्र तेव्हा मिळाली नव्हती. तेवढ्यात दसरा आला. माझ्या भावानं अकोल्यात नवं घर बांधलं होतं, त्याची वास्तुशांत दसऱ्याच्या मुहूर्तावर. मी आणि आचल तिकडे गेलो. ललितला सुट्टी नव्हती, आणि सासूबाई म्हणाल्या, सणाला घरात दिवा लागला पाहिजे, मी राहते. येताना मी ओळखीच्या टूलरूममधून पट्टीचा तुकडा आणला. घरी आले तेव्हा मशीनच्या खांबाला झेंडूची वाळलेली माळ होती. बरं वाटलं. आपल्या मागेही कोणीतरी तिची आठवण ठेवली. माळ काढून तुळशीत ठेवली आणि कामाला लागले.

पट्टी वाइसमध्ये उभी धरली, वरची कड कापली, उलटी केली, दुसरी कड कापली. पोलादाचा कीस कुरळा होऊन ट्रेमध्ये पडत होता, निळसर, आचलच्या जावळासारखा. पट्टी धुतली, पुसली, सासूबाईंच्या मशीनच्या खाचेत घातली. ती अर्धी गेली आणि अडली. दुसऱ्या बाजूनं घातली, तर सैल, खुळखुळत, आणि मग पुन्हा अडली.

"अर्धी जाते, अर्धी अडते," सासूबाई म्हणाल्या. "ललितसारखीच हाय. त्याले बी बजारात पाठोलं की अर्धंच आनते."

मी मोजून पाहिलं. पट्टी एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला अरुंद. थोडीशीच. पण खाचेला थोडंसं चालत नाही.

तेव्हापासून दुपारमागून दुपार मी ती चढण शोधत होते. आधी वाटलं, जमीन बसली असेल. लेव्हल ठेवली. बुडबुडा मध्यावर. मग वाटलं, बडनेऱ्याकडून मालगाडी जाते तेव्हा ओटा हलत असेल. मालगाडीची वाट पाहिली, गेली, काटा हलला नाही. मग वाटलं, दुपारच्या उन्हानं खांब तापून वाकत असेल, म्हणून पहाटे, सगळे झोपेत असताना, चहाच्या आधी मोजून पाहिलं. तेवढीच चढण. हे शोधण्यातही एक गोडी होती, खोटं कशाला बोलू. स्वयंपाक करताना, आचलची वेणी घालताना, डोक्यात एक बारीक भोवरा फिरत राहायचा. हे असेल का? नाही. मग ते?

सूर्यभान सरांना फोन केला. ते नाशिकमध्ये नातवाला शाळेतून आणायला निघाले होते.

"टेबलाची गिब ढिली झाली अशीन. घट्ट कर."

केली. टेबलाच्या खाचेतली ती पाचर पार आवळली. चढण तशीच.

"मंग खांबाचे बोल्ट पाह्य."

पाहिले. तशीच.

"मंग मले नाही समजून राहिलं बाई. माझ्याकडं असताना तं सोन्यासारखी होती." आणि मग, "तू काही दुसरं तं नाही ना केलं?"

नाही, म्हटलं. मी काय करणार?

इकडे दिवाळी आली होती. चांदूर रेल्वेवरून पिंकीच्या आईचा फोन आला की बॅग भरून ठेवली आहे. सासूबाईंनी तो माझ्यासमोरच घेतला. "हो, हो, खोली हाय," म्हणाल्या, आणि माझ्याकडे न बघता फोन ठेवला. मला त्यांचा राग आला नाही. त्यांनी मुदत दिली होती, ती संपत आली होती.

आणि म्हणून ती दुपार. कोठीचं झाकण वाजलं, आचल उठली नाही, आणि मी काट्याकडे बघत उभी. गंमत अशी की एक गोष्ट मी अजून केलीच नव्हती. वाइस सोडून नुसत्या टेबलावर डायल फिरवून बघणं. कुठल्याही नव्या पोराला मी हेच आधी सांगितलं असतं. पण वाइस मी स्वतः बसवली होती, तळहात फिरवून. माझ्या हाताबद्दल मला शंकाच आली नाही.

दांडी खाली उतरवून टेबलाच्या मोकळ्या भागावर टेकवली. चाक फिरवलं. काटा झोपलेला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

म्हणजे टेबल बरोबर. खांब बरोबर. जमीन, मालगाडी, ऊन, सगळे निर्दोष. दोष टेबल आणि वाइस यांच्या मध्ये कुठेतरी, जिथे काहीच नसायला हवं तिथे.

पान्यानं बोल्ट सैल केले. ते माझ्या हाताचे आवळलेले नव्हते, हे पहिल्याच झटक्यात कळलं. मी एवढी ताकद लावत नाही. वाइस दोन्ही हातांनी उचलली, ओट्याच्या कडेला टेकवून उलटी केली.

तळाला कुंकू होतं.

चांगला मोठा टिळा, ओला करून लावलेला, आता वाळून घट्ट झालेला. वर अक्षता. दाणे दाबानं चपटे होऊन कुंकवात रुतले होते, हळदीचे पिवळे, नखाएवढे पसरलेले. टिळा नेमका मध्यावर नव्हता, एका बाजूला सरकलेला. तेवढीच चढण.

मी त्या टिळ्याकडे बघत राहिले. इतक्या दुपारी ज्याला शोधत होते, तो हा. मला हसू यायला लागलं, आणि ते आतल्या आत दाबता दाबता डोळ्यांत पाणी आलं.

"काय वं, काय झालं?" सासूबाई उठून आल्या होत्या, केस सोडलेले, हातात पाण्याचा तांब्या.

मी तळ त्यांच्याकडे वळवला.

"हे तुम्ही लावलं का आई?"

"मंग. दसऱ्याले अवजारं पाटावर ठेवते ना आपन. तुह्या मामाजीच्या वेळेपासून. आता तुही सगळी मशीन तं पाटावर मावत नाही. ललितले म्हन्लं, तिचा हात तरी काढून दे. त्यानं हे काढून देलं. पाटावर आडवं ठेवलं, पूजा केली. दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा लावून देलं."

"पण इथेच का लावलं? एवढी वाइस पडली होती."

त्यांनी पुढे येऊन त्या तळावरून बोट फिरवलं, टिळ्याच्या शेजारून, टिळ्याला न लावता.

"सगळ्यात साफ जागा हीच तं होती. बाकी सगळं खडबडीत. हे पाह्य, आरशासारखं. मले कपायच वाटलं तिचं."

वाइसचा तळ म्हणजे खरंच तिची सगळ्यात सपाट, सगळ्यात बारीक घासलेली जागा. कारखान्यात त्यावर सगळ्यात जास्त मेहनत घेतलेली असते, कारण त्यावरच सगळं बसतं. त्यांचं बोट बरोबर तिथेच गेलं होतं.

संध्याकाळी ललितला विचारलं तर तो म्हणाला, "मी पाहिलं होतं ना कुंकू. आई म्हने पुसू नोको, राहू दे, शुभ असते. म्हनून तसंच बसोलं. आवळलं मात्र मस्त." पण ते नंतर. त्या दुपारी मी सासूबाईंना सगळं सांगितलं: काटा, चढण, पट्टी का अडते ते. त्यांनी नीट ऐकलं. टिळ्याकडे पाहिलं, मग आपल्या शिलाई मशीनकडे, जी दारातून दिसत होती, पुठ्ठा लावलेली.

"एवढ्याशा दान्यानं?"

"एवढ्याशा दाण्यानं."

"मंग काढ बापा."

मी डिझेलमध्ये बुडवलेलं फडकं उचललं आणि माझा हात थांबला. मी डिप्लोमा झालेली बाई. मला माहीत आहे की ते हळद, चुना आणि तांदूळ आहेत. तरी सवाष्णीनं कुंकू पुसायचं, आणि तेही सासूसमोर, हाताला जमेना. मी फडकं त्यांच्याकडे केलं.

"तुम्ही पुसता का?"

त्या एक पाऊल मागे सरकल्या.

"कुंकू पुसाचं मले नोको सांगू वं. एकदा पुसलं, बस झालं."

त्या सहज बोलल्यासारखं बोलल्या. तांब्या मात्र त्यांनी दोन्ही हातांत धरला होता. पंखा फिरत होता. मी फडकं ट्रेच्या कडेला ठेवून दिलं. आम्ही दोघी त्या लाल टिळ्याच्या दोन बाजूंना उभ्या, आणि कोणालाच हात लावता येत नव्हता.

मग त्यांनीच मान वर केली.

"देवाचं कुंकू कोनी पुसते काय?"

"म्हणजे?"

"देव्हाऱ्यातल्या देवाले रोज कुंकू लावते ना? मंग ते रोज जाते कुठं? पुसत नाही कोनी. आंघोय घालते. पान्यासंगं वाहून जाते."

"पण आई, पाणी लोखंडाला चालत नाही. गंज चढतो."

"मंग तिले काय चालते?"

"डिझेल. तेल."

"तेल तं अजून चांगलं. दिवाळीच हाय. अभ्यंग होऊन जाते."

असं म्हणून त्या खरंच आत गेल्या आणि घमेलं घेऊन आल्या. परात नाही, घमेलं, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. त्यात वाइस तळ वर करून ठेवली. त्यांनी तांब्यातलं पाणी अंगणात ओतलं, तांब्या पदरानं आतून कोरडा केला, आणि मी त्यात डिझेल भरून दिलं. त्यांनी धार धरली. बारीक, एकसारखी, देवावर धरतात तशी. ओठ पुटपुटत होते. मी टूथब्रशनं अक्षता मोकळ्या करत गेले, फक्त अक्षता. कुंकू आपोआप सुटत होतं. घमेल्यात एक लाल रेघ निघाली, वळली, पसरली.

"आजी, हे काय करून राहिली?" आचल उठून आली होती, डोळे चोळत, एका गालावर उशीचा वळ.

"मशीनले आंघोय घालून राहिली."

"साबण?"

"तिले लागत नाही. ती तुह्यासारखी मातीत नाही लोळत."

आंघोळीनंतर अंग पुसतातच, त्याला कोणाची हरकत नव्हती. सासूबाईंनी मऊ जुन्या धोतराचा तुकडा दिला. तळ पुन्हा आरशासारखा झाला. मी तळहात फिरवला. मग म्हटलं, "तुम्ही फिरवा." त्यांनीही फिरवला, डोळे मिटून. "काही नाही लागत," म्हणाल्या. वाइस बसवली, माझ्या हातानं आवळली, डायल लावलं. त्या माझ्या खांद्यावरून वाकून काट्याकडे बघत होत्या. मी चाक फिरवलं. या टोकाकडून त्या टोकाकडे.

"झोपला काय?"

"झोपला."

"मंग हळू बोल."

पट्टीचा दुसरा तुकडा होता, थोडासाच उरलेला, चुकायला जागा नसलेला. तो मी दुसऱ्या दिवशी दुपारी कापला. आचल झोपली नाही. तिला माझा चष्मा लावून दूर, कोठीवर बसवलं. कटर फिरला, कीस कुरळा झाला, आणि मी हातातल्या चाकाखेरीज दुसरं काही ऐकत नव्हते. कडा कानशीनं हलक्या मारल्या, पट्टी धुतली, पुसली आणि सासूबाईंच्या हातात दिली. घालायचं धाडस मला झालं नाही.

त्यांनी पुठ्ठा काढला. चिकटपट्टीचा जुना डिंक नखानं खरवडला. पट्टी खाचेत टेकवली आणि अंगठ्यानं लोटली. ती गेली. शेवटपर्यंत, एकाच गतीनं, आवाज न करता. त्यांनी ती उघडली, लावली. पुन्हा उघडली, पुन्हा लावली. मग पिशवीतून एक जांभळं रेशमी कापड काढलं, कोणाचं तरी, परत द्यायचं म्हणून बाजूला ठेवलेलं. एक लांब शिवण घातली. सूत निघालं नाही. शिवण डोळ्यांजवळ नेऊन त्या कितीतरी वेळ बघत होत्या.

मी दारात उभी होते.

"पिंकीले माह्या खोलीत झोपू दे," त्या शिवणीकडे बघतच म्हणाल्या. "पलंग मोठाच हाय. तिच्या मायले फोन करून सांगजो, म्हातारी घोरते, कानात कापूस घालून ये म्हना."

"आणि खोली?"

"खोलीत तुही मशीन हाय ना. अजून कुठं जाते आता ती?"

मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. आमच्यात तशी पद्धत नाही. मी म्हटलं, "चहा ठेवते."

"थांब, चहा मंग." त्या देव्हाऱ्याकडे गेल्या आणि कुंकवाची डबी आणि अक्षतांची वाटी घेऊन आल्या. "आंघोय घातली अन् तिले तशीच ठेवली. उघड्या कपायाची नोको ठेवू. आता तूच सांग, कुठं लावू? जिथं तुह्या काट्याले चालन तिथं."

मी मोटरच्या कव्हरचा समोरचा भाग दाखवला, दिव्याच्या खाली. तिथे काहीच बसत नाही, काहीच सरकत नाही. तिथे काय वाटेल तेवढं लावा. त्यांनी अनामिकेनं टिळा लावला, नीट, गोल, दोन दाणे चिकटवले, मागे सरकून पाहिला आणि मान हलवली. मग माझ्या कपाळाला लावलं. मग आचलच्या, जी कोठीवरून उतरून आधीच तोंड वर करून उभी होती.

आचलनं डबी आजीच्या हातातून घेतली. बोट बुडवलं, जरा जास्तच, आणि चवड्यांवर उभी राहून ते आजीच्या कपाळाकडे नेलं.

सासूबाईंनी तोंड बाजूला केलं. हसल्या.

"मले नोको बेटा. मले काम हाय." त्यांनी तिचं ते लाल बोट हलकेच धरून खाली केलं, आणि शिलाई मशीनकडे गेल्या. थोड्या वेळानं पायडलचा आवाज सुरू झाला, एकसारखा, न अडखळता.

आचल तिथेच उभी. बोटावरचं कुंकू तसंच. तिनं मोटरवरच्या टिळ्याकडे पाहिलं, आजीच्या पाठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आई, मशीनला चालते, मग आजीला काहून नाही चालत?"